आष्टीचे आजारी ससे

"मामा, पुढच्या आठवड्यात मी जालन्याला येतेय. सशांना बघायला."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग मामा म्हणाले, "कोणते ससाणे? अंबडचे का? त्यांच्या पोराचं तर गेल्या साली लग्न झालं."

"ससाणे नाही मामा, ससे! लांब कानांचे."

"अन् ते कोणासाठी बघून राह्यलीस?"

या प्रवासाची सुरुवात अशी झाली. मी पुण्यात जनावरांची डॉक्टर आहे. जनावरं म्हणजे बहुतेक सोफ्यावर झोपणारी कुत्री आणि मालकांवर रुसलेली मांजरं. पण मागच्या वर्षी मी एक वेगळंच प्रशिक्षण घेतलं. पाळलेल्या सशांचं बरं चाललंय की नाही, हे कसं तपासायचं याचं. ससा जाड आहे की रोड, एवढंच त्यात पाहायचं नसतं. पायाचे तळवे, दात, नाक, कान, पिण्याचं पाणी, हे सगळं बघायचं. मागचे दोन पाय टेकून, कान ताठ करून उभं राहायला पिंजऱ्यात उंची आहे का? माणूस दिसला की ससा जवळ येतो की कोपऱ्यात थिजतो? आमच्या ओळखीच्या एका संस्थेला उष्ण भागातल्या ससेपालकांसाठी माहितीपत्रक करायचं होतं, त्यासाठी कुणीतरी जालना जिल्ह्यात जाऊन यायला हवं होतं. जालना म्हणजे माझं आजोळ. मी हात वर केला.

पुण्याहून सकाळची एसटी धरली तर सगळा दिवस बसमध्ये जातो हे आधीच सांगून ठेवते. नगरला जेवण, संभाजीनगरला चहा आणि जालन्याला पाठदुखी. मार्चच्या शेवटी जात असाल तर सावलीची बाजू कंडक्टरला विचारून बसा. मी स्वतःच्या अकलेने बसले आणि उजवा दंड भाजून घेतला.

मामा स्टँडवर उभे होते. मामा एसटीचे निवृत्त कंडक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून ते गाडीत सगळे बसले की दोनदा टपावर थाप मारतात आणि मगच स्वतः स्टिअरिंगवर बसतात. घरी मामींनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गार मठ्ठा तयार ठेवला होता. जेवताना मामींनी विचारलं, "सशाला सुख हाय का न्हाई, ते तुला कसं कळतं गं?"

"खुणा असतात मामी."

"माणसाच्या बी असतात का?" असं म्हणून त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी मठ्ठा मागितला.

राजूर

दुसऱ्या दिवशी सकाळी राजूरला गेलो. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की तासाभरात पोचता. राजूरला जाऊन गणपतीला न भेटता परत येण्याची आमच्या घरात पद्धत नाही, त्यामुळे आधी देऊळ. चतुर्थीला जाऊ नका, मुंगीला जागा मिळत नाही. इतर दिवशी निवांत दर्शन होतं. बाहेर पेढेवाल्याने विचारलं, "पावणे कुठून?" मामांनी अभिमानाने सांगितलं, "भाची हाय. सरकारनं सशांची चौकशी लावलीय, त्यासाठी पुण्याहून आलीय."

"मामा, सरकारने नाही!"

"राहू दे. पेढे ताजे देतो मंग त्यो," मामा कुजबुजले.

खरंच ताजे दिले.

तिथला सशांचा फार्म प्रभाकर नावाच्या तरुण शेतकऱ्याचा. फोनवर त्याने "या की, बिलकुल या" म्हटलं होतं. मात्र आता त्याच्याकडे एकच ससा उरलाय, हे सांगायचं तो विसरला होता. पिंजऱ्यांमध्ये लाल मिरच्या वाळत होत्या. धंदा जमला नाही म्हणून त्याने ससे विकून टाकले, आणि हा एक पकडताना निसटला तो थेट शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन राहिला.

"सुखी हाय का त्यो, बघा," प्रभाकर म्हणाला. "शेळ्या ऐकतात त्याचं."

पाहिलं तर शेळ्यांच्या घोळक्यात मधोमध एक करडा ससा पाय ताणून पसरला होता. तळवे स्वच्छ, नाक कोरडं, डोळे टवटवीत. मी जमिनीवर बसले तर दोन मिनिटांत येऊन माझ्या ओढणीचं टोक कुरतडून गेला. मी प्रभाकरला सांगितलं की तब्येत उत्तम आहे, फक्त त्याला त्याच्या जातीची सोबत हवी.

"त्याला सोबत आणली की वर्षभरात माझ्याकडं परत फार्म व्हईल, म्याडम," तो म्हणाला. या युक्तिवादावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तो खच्चीकरणाचा विषय मामांनी देवळातून आल्या आल्या काढू दिला नाही.

परतूरमार्गे आष्टी

खरा प्रवास तिसऱ्या दिवसाचा. वाटूर फाट्यावरून परतूर आणि तिथून आष्टी. ज्यांना घाई नाही त्यांनी जालन्याहून परतूरला रेल्वेने जावं, तिकीट किरकोळ आहे आणि खिडकीतून दिसणारी काळी जमीन डोळे निववते. आम्ही मामांच्या गाडीने गेलो, कारण मामांना रेल्वे म्हणजे एसटीशी केलेली गद्दारी वाटते.

परतूरला स्टेशनजवळ भजी खाल्ली. आतली मिरची इतकी जहाल की मामा दहा मिनिटं काही बोलले नाहीत, तेवढीच या प्रवासातली शांतता. मग मी नळावर बूट धुवायला घेतले आणि त्यांनाही चपला धुवायला लावल्या. एका फार्मवरून दुसऱ्यावर जाताना हे करायचंच, नाहीतर रोग आपल्याच पायांनी पुढच्या गावाला पोचतात. बघणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठल्या देवाला चालले?"

"सशाला," मामा म्हणाले. म्हाताऱ्याने भक्तिभावाने मान हलवली.

आष्टीच्या थोडं बाहेर उत्तमरावांचं शेत आहे. मोसंबीची बाग, विहीर, आणि पत्र्याची लांब शेड. उत्तमराव पन्नाशीचे, इस्त्रीचा सदरा घालून शेडच्या दारात उभे होते. व्हिडिओ बघून बघून त्यांनी स्वतः हा फार्म उभारला होता. झाडलोट अशी की माझ्या दवाखान्याला लाज वाटावी. लोखंडी जाळीचे दुमजली पिंजरे, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकात पाण्याची निप्पल. दारावरची एक जागा रंगवून मोकळी ठेवली होती.

"इथं बोर्ड लावायचा हाय," ते म्हणाले. "आदर्श ससेपालन केंद्र. तुम्ही बराबर लिहून दिलं की लावतो."

तेवढ्यात मागून त्यांच्या पत्नी, सुभद्राबाई, चहा घेऊन आल्या आणि कप देताना हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्याडम, आधी माझे आजारी बघा. आन् ते आजारीच हायेत म्हणा. उद्या ससे न्यायला व्यापारी येणार हाय."

मला काही कळेना. चहा झाल्यावर त्यांनी मला घरामागच्या जुन्या कडब्याच्या खोलीत नेलं. मातीच्या भिंती, मातीची जमीन, आत मस्त गारवा. आणि तिथे, एकमेकांच्या अंगावर माना टाकून, आयुष्यात मी पाहिलेले सर्वांत गुबगुबीत ससे झोपले होते.

"यांना काय झालंय?" मी विचारलं.

"काय न्हाई झालं," सुभद्राबाई कुजबुजल्या. "दर खेपेला व्यापारी आला की आमचे ह्ये इकायला ज्याला हात लावतात, मी म्हणते त्यो आजारी हाय. मंग त्यो हिकडं येतो." मग त्यांनी ओळख करून दिली. "ह्यो थोरले दीर. खाऊन झोपतो, उठून खातो. ही नणंदबाई, सगळ्यांच्या वाटणीत तोंड घालती. आन् ह्यो कोपऱ्यात पाठ करून बसलाय ना, ते आमचे हे. रागावले की असेच बसतात."

मी थोरल्या दिरांना उचललं. त्यांनी माझ्या मनगटावर नखांनी सही केली. पोटावर चरबीची घडी, आणि समोरचे दात इतके वाढलेले की ओठ नीट मिटत नव्हते. "खायला काय देता?"

"भाकर, गूळ, शेंगदाणे. च्यात बुडवून बिस्कीट. इतर येळी साधंच."

मग आम्ही शेडमध्ये गेलो. दुपार झाली होती. पत्रा तापला होता. ससे जाळीला चिकटून धापा टाकत होते, कान लालबुंद. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. त्याच्यासाठी पुण्याचा मार्चसुद्धा जास्त, तर आष्टीचा काय सांगू. मी एक निप्पल दाबली. पाणी येत होतं, पण कुणी पीत नव्हतं. मामांनी ओंजळीत घेऊन चाखलं.

"उत्तमराव, टाकी कुठंय?"

"वर, पत्र्यावर. काळी."

"मंग यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी हाय."

मी एकेक ससा बाहेर काढून उलटा धरला. पायाच्या तळव्यांवरचे केस झडलेले, कातडी सोललेली, काहींच्या जखमा ओल्या. तारेच्या जाळीवर दिवसरात्र बसून असं होतं. ससा तक्रार करत नाही, आवाज काढत नाही, नुसता कमी हलतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणा आहे.

उत्तमराव शेजारी उभे राहून प्रत्येक पाय बघत होते. आधी ते "त्यो एखादाच असंल" म्हणत होते. मग तेही थांबलं. शेवटी मी जे होतं ते सांगितलं. या सशांना वेदना होतायत, आणि आत्ता मी या फार्मला आदर्श म्हणू शकत नाही.

"रोज पहाटं उठून साफ करतो म्याडम," ते एवढंच बोलले.

"दिसतंय. नाक एकाचंही वाहत नाही, खरूज कुठे नाही, वास नाही. ते तुमच्या हातांमुळेच. जाळी, पत्रा आणि टाकी यांनी घात केलाय."

सुभद्राबाईंच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं, म्हणून त्यांच्याकडे वळले. "आणि तुमचे खोलीतले खरोखर आजारी आहेत."

"हाव ना!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. "ऐका, डॉक्टर काय म्हणतात."

"लठ्ठपणा झालाय आणि दात वाढलेत. भाकरी, गूळ, बिस्कीट आजपासून बंद. वाळलेलं गवत, हिरवा पाला आणि व्यायाम. दात मी घासून देते."

टाळीचा हात हवेतच राहिला. "म्हंजे उपाशी मारायचं?"

"गवत म्हटलं मी."

"गवत काय खाणं हाय का?" त्या उखडल्या. "ह्या पुण्याच्या बाईला सुख कळतं का काय, उगं आपलं!" आणि आश्चर्य म्हणजे उत्तमराव लगेच त्यांच्या बाजूने, "तिच्या हातचं खाऊन कोणाला कधी काय झालं न्हाई, म्याडम." तोपर्यंत मला आपापल्या बाजूला ओढणारं जोडपं आता एकत्र येऊन माझ्याकडे बघत होतं. मी मामांकडे पाहिलं. मामा मोसंबीची झाडं निरखत होते.

पण उत्तमराव मनाला लावून घेणारे असले तरी हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. तासाभरात त्यांनी टाकीवर ओली पोती टाकली, पिंजऱ्यांत पाण्यासाठी मातीची भांडी ठेवली आणि बसायला लाकूड पाहिजे म्हटल्यावर घरातून जेवायचे पाट आणून एकेका पिंजऱ्यात सरकवले. ससे क्षणभर संशयाने बघत राहिले, मग एक मादी पाटावर चढली आणि पाय लांब करून आडवी झाली. मग दुसरी. त्या रात्री आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवलो हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळ

ऊन उतरल्यावर मी म्हटलं, एखाद्याला मोकळं सोडून बघू या. घराशेजारी शेळ्यांसाठी बांधलेलं दगडी आवार रिकामं होतं, वर कडुनिंबाची सावली. उत्तमराव तयार होईनात. "बीळ करून पळाला तर?"

"आपण एवढे जण बसलोय की."

आणि खरंच बरेच जण बसले होते. बातमी गावात गेली होती, मामांनीच पोचवली असणार. भिंतीवर बायामाणसं ओळीने टेकली. मी शेडमधला एक पांढरा नर आवारात मधोमध ठेवला आणि बाजूला होऊन बसले.

तो हलेचना. त्याने आयुष्यात माती पाहिली नव्हती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भिंतीवरून सल्ले येऊ लागले.

"घाबरलाय त्यो."

"ढकला त्याला जरा."

"त्यो ईचार करून राह्यलाय, दम काढा," मामा म्हणाले.

मग त्याने एक पाय पुढे टाकला. माती हुंगली. दुसरा पाय. कडेकडेने निंबाच्या खोडापर्यंत गेला, तिथे मागच्या पायांवर उभा राहिला, कान सरळ वर. थोडा धावला. थांबला. पुन्हा धावला, आणि अचानक हवेत उंच उडाला, वरच्या वर अंगाला पीळ दिला, मागचे पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे, आणि धप्पकन खाली.

"गेला!" सुभद्राबाई किंचाळल्या. "झटका आला! अहो, गेला त्यो!"

उत्तमराव भिंत ओलांडून आत. भिंतीवर गलका. कुणी म्हणे पाणी मारा, कुणी म्हणे कांदा हुंगवा. मी दोन्ही हात पसरून ओरडले, "थांबा, काही झालेलं नाही! आनंद झाला की ससा अशीच उडी मारतो!"

 आणि पुराव्यादाखल पांढऱ्याने आणखी एक उडी मारली, पहिलीपेक्षा उंच, आणि आवारभर गोल गोल धावत सुटला. भिंतीवरच्या बाया हसायला लागल्या. उत्तमराव आवाराच्या मधोमध उभे, त्यांच्या पायांभोवती ससा धावतोय.

"तीन वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "असं कधी न्हाई केलं यानं."

"पिंजऱ्यात डोकं आपटलं असतं," मी म्हटलं.

 थोड्या वेळाने उत्तमराव स्वतःच शेडमध्ये गेले आणि दोन्ही हातांत एकेक ससा घेऊन आले. अंधार पडेपर्यंत येत राहिले. सुभद्राबाईंनी थोरल्या दिरांना आणून सोडलं. त्यांनी उडी मारायचा प्रयत्न केला, जमीन सुटली नाही. "करतील, करतील. हळूहळू," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणतं गवत म्हणले?"

व्यापारी

सकाळी व्यापारी टेम्पो घेऊन आला. बोलका, हसरा माणूस. त्याने शेडवर नजर टाकली. उत्तमरावांनी सांगितलं, पाय फुटलेत, बरे झाल्याशिवाय एकही मिळणार नाही. जाळीवर कमी दिवस राहिलेली, तळवे शाबूत असलेली पिल्लं त्यांनी दिली. व्यापारी म्हणाला, एवढ्यात माझा डिझेलचा खर्चा निघत न्हाई. आणि त्याची नजर कडब्याच्या खोलीच्या उघड्या दाराकडे गेली.

"अन् हे मोठाले?"

सुभद्राबाईंचा चेहरा पडला. उत्तमराव म्हणाले, "ते आजारी हायेत. या डॉक्टर म्याडमला इचारा."

त्याने मला विचारलं. मला खोटं बोलावं लागणार नव्हतं, एवढाच आधार. "लठ्ठपणा आहे. दातांचा त्रास आहे."

व्यापाऱ्याने थोरल्या दिरांना कौतुकाने न्याहाळलं. "म्याडम, ह्यो आजार मला चालतो."

"मला न्हाई चालत," उत्तमराव म्हणाले आणि दार लावून घेतलं.

टेम्पो गेला. रिकामा गेला नाही, पिल्लं गेलीच. ते जात असताना सुभद्राबाई चुलीपाशी बसून होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी निघताना उत्तमराव गाडीपर्यंत आले. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"खोलीतल्यांचं."

"म्याडम, तीन वर्षांत त्या खोलीतला एक बी आजारानं मेला न्हाई. उलट वाढले. मला काय कळत न्हाई व्हय?" मग आवाज खाली आणून, "तुम्ही तिला बोलू नका. तिला वाटतं मला ठाऊक न्हाई."

मामांनी दोनदा टपावर थाप मारली.

परत

उत्तमरावांनी दिलेलं मोसंबीचं पोतं घेऊन एसटीत चढणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. जायचं असेल तर थंडीत जा, मोसंबी गोड असते आणि रस्ते चांगले आहेत. आष्टीत राहायला लॉज शोधू नका, कुणी ना कुणी घरी ठेवून घेतं, आणि मग भाकरी मोजायची सोय राहत नाही.

अहवालात मी सगळं लिहिलं. पायांच्या जखमा, तापलेलं पाणी, लठ्ठपणा, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी. बोर्डाची जागा अजून मोकळीच आहे. उत्तमरावांनी पत्र्यावर उसाचं पाचट टाकलंय आणि संध्याकाळच्या आवाराचे व्हिडिओ ते मला पाठवतात. प्रत्येकात मागून सुभद्राबाईंचा आवाज असतो, कुणालातरी ओरडत असतात, ससा की नवरा ते ओळखता येत नाही. मोसंबी संपली. मनगटावरचा ओरखडा बराच काळ टिकला. जी पिल्लं टेम्पोतून गेली त्यांचं काय झालं, हा विचार अधूनमधून येतो, तो घालवायचा कसा ते मला माहीत नाही.

परत आले त्या दिवशी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच नवऱ्याने विचारलं, "मग? सुखी आहेत का ससे?"

मी जरा विचार केला.

"संध्याकाळी असतात," मी म्हणाले.